एमबीएच्या पीआयचा कॉल आलाय? मग ही तयारी करा, फॉर्मपासून निकालापर्यंत

एमबीए प्रवेशाच्या कॅट परीक्षेचा निकाल लागतो, पर्सेंटाइल बरा असतो, शॉर्टलिस्टची मेल येते, घरात पेढे वाटून होतात आणि मग दोन दिवसांनी पोरापोरींचे मेसेज सुरू होतात. दादा पीआयला (म्हणजे पर्सनल इंटरव्ह्यूला) काय विचारतात, कुठलं पुस्तक वाचू, टेल मी अबाउट युअरसेल्फचं उत्तर पाठवा ना एखादं. मी या सगळ्यातून गेलोय, आता पुण्यात नोकरी करतो आणि सीझनमध्ये शनिवार-रविवार मॉक इंटरव्ह्यूच्या, म्हणजे सरावाच्या मुलाखतींच्या पॅनेलवर बसतो. तिथं जे सारखं सारखं दिसतं ते एकदाच लिहून टाकतोय म्हणजे प्रत्येकाला वेगळं टाइप करायला नको. मोठं झालंय, चहा घेऊन बसा.

आधी मुद्द्याचं सांगतो. इम्प्रेशन पहिल्या उत्तरावर पडत नाही, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर पडतं. पहिलं उत्तर सगळेच पाठ करून येतात आणि पॅनेलला ते माहीत असतं, त्यामुळे ते ऐकताना त्यांचं अर्धं लक्ष तुमच्या फॉर्मवर असतं. मग त्या उत्तरातला एखादा शब्द उचलतात आणि तिथून खाली जातात. तुम्ही म्हणालात मला वाचनाची आवड आहे, की लगेच शेवटचं काय वाचलं, त्यात काय पटलं नाही, का नाही पटलं. तिसऱ्या प्रश्नापर्यंत जो टिकला तो लक्षात राहतो. त्यामुळे खालची सगळी तयारी एकाच गोष्टीची आहे: तुम्ही जे लिहिलंय आणि जे बोलणार आहात त्याच्या खाली दोन थर तुम्हाला माहीत पाहिजेत. बाकी टाय कुठल्या रंगाचा वगैरे नंतर.

आधी बघा कुठला कॉल आहे

सगळीकडे एकच प्रकार नसतो. बहुतेक आयआयएममध्ये वॅट आणि पीआय, म्हणजे आधी छोटा निबंध मग मुलाखत. अहमदाबादवाले लेखी भागाला एडब्ल्यूटी म्हणतात. अंधेरीच्या एसपी जैनमध्ये ग्रुप इंटरव्ह्यू असतो, म्हणजे तुमच्याबरोबर आणखी काही जण बसलेले असतात आणि दुसऱ्याचं उत्तर चालू असताना तुम्ही कसे बसलाय हेही दिसत असतं. पुण्याच्या सिम्बायोसिसला ग्रुप एक्सरसाइज असते, एनएमआयएमएसला केस डिस्कशन. नव्या आयआयएमपैकी बऱ्याच जणी मिळून एकच मुलाखत घेतात, त्याला कॅप म्हणतात, आणि इथं आपल्याकडच्या पोरांचा हमखास गोंधळ होतो कारण राज्य सीईटीच्या प्रवेशफेऱ्यांनाही आपण कॅप राउंडच म्हणतो. त्या वेगळ्या. जमनालाल बजाजसारख्या कॉलेजला सीईटीच्या मेरिटवर फेरीतून जागा मिळते, तिथं मुलाखतीचा प्रश्नच नाही.

प्रत्येक संस्था दरवर्षी आपली अ‍ॅडमिशन पॉलिसी साइटवर टाकते, ती पीडीएफ उघडून वाचा. पीआयला किती वजन, वॅटला किती, कामाच्या अनुभवाला किती, दहावी-बारावीला किती, सगळं त्यात असतं. अहमदाबादला अंतिम यादीत निम्मं वजन एकट्या पीआयला असतं. म्हणजे ९९ च्या पुढचा पर्सेंटाइल घेऊन गेलेला माणूस वीस मिनिटांत मागे पडू शकतो आणि काठावरून आत आलेला पुढे जाऊ शकतो.

फॉर्म भरताना थांबा

कॉल आल्यावर बऱ्याच संस्था एक डिटेल फॉर्म भरून घेतात. छंद, अचिव्हमेंट, का एमबीए, कामाचं वर्णन. हा फॉर्म लोक शेवटच्या रात्री लॅपटॉप मांडीवर घेऊन भरतात आणि तिथेच घोळ होतो, कारण पॅनेलच्या समोर तोच कागद असतो. तो म्हणजे तुम्ही स्वतः सेट केलेला पेपर आहे.

छंदाच्या रकान्यात जे टाकाल त्याची किंमत मोजावी लागते. पुण्या-मुंबईतल्या निम्म्या पोरांचा छंद ट्रेकिंग असतो (उरलेल्या निम्म्यांचा फोटोग्राफी). हरकत काहीच नाही, पण मग कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे हे तरी माहीत पाहिजे, सह्याद्रीतले डोंगर माथ्यावर असे सपाट का दिसतात, राजधानी राजगडावरून रायगडाला का नेली, हे प्रश्न येणार. एका मॉकला एका मुलानं ट्रेकिंग लिहिलं होतं, विचारलं शेवटचा ट्रेक कुठला, तर म्हणाला सिंहगड, म्हटलं कुठल्या वाटेनं चढलास, तर गाडीनं वर गेलो होतो. हसू आलं सगळ्यांना, त्यालाही आलं, पण खऱ्या पॅनेलपुढे त्यानंतरची दहा मिनिटं अवघड जातात कारण आता तुमच्या बाकीच्या फॉर्मवरही शंका यायला लागते. खरं काय आवडतं ते लिहा. घरची म्हैस सांभाळणं, गणेश मंडळाचा हिशेब ठेवणं, आजीबरोबर पत्ते खेळणं, चालतं. मंडळाचा खजिनदार असाल तर तो सोन्यासारखा मुद्दा आहे, वर्गणी किती, खर्च किती, मांडवाचा भाव कसा ठरतो, पावती पुस्तक कसं जुळवता, यावर तुम्ही पंधरा मिनिटं बोलू शकता आणि ट्रेकिंगवाल्यापेक्षा दहापट लक्षात राहाल.

फॉर्म सबमिट केला की त्याची प्रिंट काढा आणि पेन घेऊन प्रत्येक नामाखाली रेघ मारा. गाव, कॉलेज, कंपनी, प्रोजेक्टचं नाव, सॉफ्टवेअरचं नाव, बक्षीस, छंद. प्रत्येक रेघेसमोर तीन प्रश्न लिहा जे तुम्ही पॅनेलवर असता तर विचारले असते. आणि मग उत्तरं शोधा. याला एक आठवडा जातो आणि निम्मी तयारी इथेच होते.

गावाकडचं

आपल्या जिल्ह्याबद्दल हमखास विचारतात आणि आपली पोरं हमखास इथेच गडबडतात, कारण वाटतं हे तर आपल्याला माहीतच आहे. एक खरा मॉक देतो, इंग्रजीत झाला होता, इथे मराठीत लिहितोय. मुलगा सांगलीकडचा, मेकॅनिकल झालेला.

"सांगली कशासाठी प्रसिद्ध आहे?"
"सर, हळद. आणि द्राक्षं."
"हळदीचं मोठं मार्केट तर निझामाबाद आणि इरोडलाही आहे. मग सांगलीचं वेगळं काय?"
"सर... क्वालिटी चांगली आहे."
"म्हणजे काय? कशात मोजतात?"
शांतता.

याच मुलाचे काका मार्केट यार्डात हमाल-तोलाईचं काम बघतात, लहानपणापासून तो सौदे बघतोय, पण ते बोलायचं असतं हे त्याच्या डोक्यातच नव्हतं. पुढच्या आठवड्यात तोच आला आणि त्याच प्रश्नाला म्हणाला, हळदीचा भाव तिच्यातल्या कर्क्युमिनवर, रंगावर आणि ओलाव्यावर ठरतो, आमच्याकडे राजापुरी जातीचा माल जास्त येतो, सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, पूर्वी हरिपूरला जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवायचे त्यामुळे व्यापारी भाव येईपर्यंत थांबू शकायचा, आता गोदामं आणि कोल्ड स्टोरेज आलीत आणि वायद्याचे सौदे एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदेबाजारात होतात. पॅनेलवरच्या फायनान्सवाल्या सरांनी पुढचे दहा मिनिटं त्याच्याशी वायदेबाजारावरच गप्पा मारल्या. त्याला वायदेबाजार सगळा येत होता असं नाही, पण जिथं येत नव्हतं तिथंही तो सरळ सांगत होता कारण पायाखालची जमीन पक्की होती.

कोल्हापूर, सांगली, साताऱ्याचे असाल तर ऊस येणारच. एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान भाव, कोण ठरवतं (केंद्र सरकार, कृषी मूल्य आयोगाच्या शिफारशीवरून), ऊस घातल्यावर १४ दिवसांत पैसे द्यायचे हा नियम कुठला, कारखाने थकवतात का, इथेनॉलमुळे काय बदललं. नाशिकचा असाल तर लासलगावचा कांदा आणि निर्यातबंदी. जळगाव म्हणजे केळी. सोलापूर-इचलकरंजी-भिवंडी म्हणजे यंत्रमाग. विदर्भात कापूस, संत्रा. मुंबईचा असाल तर सुटलात असं समजू नका, लोकल का तोट्यात चालते, गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं, पुनर्विकासात एफएसआय म्हणजे काय, असलं विचारतात. वडील जे काम करतात तेही याच खात्यात धरा. किराणा दुकान असेल तर मार्जिन किती, उधारी किती, क्विक डिलिव्हरीवाल्या अ‍ॅपमुळे गिऱ्हाईक कमी झालं का. बाबांना रविवारी समोर बसवा आणि विचारा, ते खूश होतात आणि तुम्हाला कुठल्याही क्लासमध्ये न मिळणारं मटेरियल मिळतं.

टेल मी अबाउट युअरसेल्फ

दीड मिनिट, जास्त नाही. नाव, गाव, शाळा, दहावीला इतके टक्के, बारावीला इतके टक्के असं सगळं म्हणत बसू नका, ते कागदावर आहे. तीन गोष्टी पकडा ज्यावर पुढचा प्रश्न आला तर तुम्हाला आवडेल, आणि त्या तिन्ही एका ओळीत लावा. कुठून आलोय, सध्या काय करतोय आणि त्यात काय जमलं, इथून पुढं काय करायचंय. शेवटचं वाक्य असं ठेवा की त्यावर प्रश्न विचारावासा वाटेल. आणि मायसेल्फ अमुक अमुक अशी सुरुवात करू नका प्लीज, आय अ‍ॅम म्हणा, संपलं.

पाठ करा पण शब्दशः नाही. शब्दशः पाठ केलेलं लगेच कळतं, डोळे वर जातात, आवाज सपाट होतो आणि मध्येच कुणी थांबवलं की गाडी रुळावरून खाली. मुद्दे पाठ करा, वाक्यं दर वेळी नवीन येऊ द्या.

शिकलेलं विसरलात तर चालणार नाही

फ्रेशर असाल तर ग्रॅज्युएशनचे विषय हा मुलाखतीचा मोठा भाग असतो. नोकरीत दोन वर्षं झाली असली तरी विचारतात. सगळा सिलॅबस शक्य नाही, तीन विषय निवडा आणि त्यात मुळापासून या. विचारतील, फेव्हरिट सब्जेक्ट कुठला? तेव्हा तिघांतलाच एक सांगायचा.

प्रश्न साधे असतात पण त्यात 'का' असं विचारतात. मेकॅनिकलला: डिझेल इंजिनला स्पार्क प्लग का नसतो. सिव्हिलला: एम २० म्हणजे काय, २८ दिवसच का. कॉम्प्युटरवाल्यांना: स्टॅक आणि क्यूमधला फरक तुमच्या आजीला समजावून सांगा. कॉमर्सवाल्यांना: डेप्रिसिएशनमध्ये पैसे खिशातून जात नाहीत मग नफ्यातून का वजा करायचे, प्रोव्हिजन आणि रिझर्व्हमध्ये फरक काय, कंपनी नफ्यात आहे पण पगाराला पैसे नाहीत असं होऊ शकतं का. कॉमर्सची पोरं इंजिनिअरांना घाबरून येतात, खरं तर एमबीएच्या पॅनेलपुढे त्यांचा विषयच जास्त कामाचा असतो, फक्त व्याख्या न घोकता उदाहरणाने सांगता आलं पाहिजे. फार्मसी, अ‍ॅग्री, बीए, सगळ्यांना हेच लागू.

नोकरीवाल्यांनी आपल्या कंपनीचा धंदा कसा चालतो ते बघा. आयटीतल्या पोराला विचारलं तुझा क्लायंट कोण, तर नाव सांगतो, पण तो क्लायंट पैसे कशातून कमावतो हे सांगता येत नाही. तुमचं मॉड्यूल बंद पडलं तर कोणाचं काय अडतं, हे दोन वाक्यांत सांगता यायला पाहिजे आणि ते सुद्धा आतल्या भाषेतले शॉर्टफॉर्म न वापरता.

का एमबीए, आणि बाकीचे अडचणीचे प्रश्न

याला आदर्श उत्तर नाही. लीडरशिप स्किल डेव्हलप करायची आहे असं म्हणणारे रोज वीस जण त्यांच्यासमोरून जातात. तुमच्या कामात किंवा कॉलेजात नेमकं कुठं अडलात ते सांगा. उदाहरणार्थ, प्लांटमध्ये मशीन मी चालवतो पण कुठलं मशीन घ्यायचं हा निर्णय वर होतो आणि तो कसा होतो हे मला कळत नाही, मला त्या टेबलावर जायचंय. एवढं पुरे. पाच वर्षांनी कुठे, याला पण असंच, एखादं क्षेत्र आणि एखाद्या प्रकारचं काम सांगा, सीईओ होईन म्हणू नका.

मार्क कमी का, याचं उत्तर तीन वाक्यांचं. काय झालं, का झालं, त्यानंतर काय केलं. दुसऱ्या वर्षाला केटी लागली, हॉस्टेलला गेल्यावर अभ्यास सुटला होता, तिसऱ्या वर्षापासून सगळे सेमिस्टर क्लिअर आहेत. बस. युनिव्हर्सिटीचे पेपर कसे तपासतात ते सांगायला लागू नका, खरं असलं तरी. गॅप असेल तर तो लपवू नका, त्या काळात काय केलं याचा तपशील ठेवा. एमपीएससी-यूपीएससीची दोन-तीन वर्षं गेलेली बरीच पोरं आपल्याकडे असतात आणि ते उगाच खाली मान घालून सांगतात. अरे, पॉलिटी, इकॉनॉमी, भूगोल तुमचा पक्का असतो, ते वापरा की. फक्त पुन्हा परीक्षा देणार का, हा प्रश्न येणार, त्याचं ठाम उत्तर घेऊन जा.

आमच्याकडे आणि दुसऱ्या आयआयएमला दोन्हीकडे झालं तर कुठे जाल, हाही येतो. खोटी भक्ती दाखवायची गरज नाही. फी, जागा, कोर्स, ज्या कारणाने निवडणार ते सांगा. त्यांना तुम्ही निर्णय कसा घेता हे बघायचं असतं.

पेपर वाचणं

मुलाखती साधारण फेब्रुवारी ते एप्रिल चालतात आणि बजेट १ फेब्रुवारीला येतं, म्हणजे बजेट हा फुकटचा सांगून आलेला प्रश्न आहे. त्यात सगळं वाचायला जाऊ नका. वित्तीय तूट म्हणजे काय आणि किती, पैसा येतो कुठून जातो कुठे, आणि तुमच्या क्षेत्राला काय मिळालं, इतकं नीट करा. रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती सहा जणांची असते, महागाईचं लक्ष्य ४ टक्के आणि वर-खाली २, रेपो दर बदलला की तुमच्या घराच्या हप्त्याचं काय होतं, ही साखळी बोलून दाखवता आली पाहिजे. आजचा रेपो दर मुलाखतीच्या सकाळी बघून जा.

रोज एक इंग्रजी पेपर आणि एक मराठी. मराठी यासाठी की तुमच्या जिल्ह्याची बातमी इंग्रजीत येतच नाही. रोज एकच बातमी निवडायची आणि वहीत चार ओळी: काय झालं, कोणाला फायदा, कोणाला तोटा, मला काय वाटतं. आरक्षण, भाषेचा वाद, कर्जमाफी असले तापलेले विषय आपल्या बाजूच्या पोरांना विचारतातच. मत असू द्या, पण आधी समोरच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा सांगा मग आपलं. पक्षांची आणि नेत्यांची नावं घेऊन भांडू नका.

वॅटसाठी वेगळं काही नको, याच वहीतले विषय घ्या आणि घड्याळ लावून २०-२५ मिनिटांत अडीचशे-तीनशे शब्द हाताने लिहा. हाताने म्हणतोय कारण कीबोर्डची सवय झाल्यावर पेनाने दहा मिनिटांत बोटं दुखायला लागतात.

इंग्रजीचं भूत

मराठी मीडियमवाल्यांचा हा खरा प्रश्न. खेडेगावातून येऊन चांगल्या आयआयएममध्ये गेलेली पोरं मी पाहिलीत, त्यांचं इंग्रजी साधं होतं पण वाक्य पूर्ण व्हायचं. तेवढंच करायचंय. छोटी वाक्यं, एका वाक्यात एक गोष्ट. डोक्यात मराठी वाक्य तयार करून मग त्याचं इंग्रजी करत बसलात की मध्ये गॅप पडतो, म्हणून स्वतःच्या गोष्टी, गाव, घर, नोकरी, छंद, या थेट इंग्रजीत बोलायची सवय करा, रोज पंधरा मिनिटं मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐका. स्वतःचा आवाज ऐकवत नाही पहिले काही दिवस, नंतर सवय होते. अ‍ॅक्सेंट आणायचा प्रयत्न अजिबात नको. एखादा शब्द अडला तर तो पदार्थ किंवा ती गोष्ट आपल्याच नावाने सांगा आणि एका ओळीत समजवा, हुरडा पार्टीला इंग्रजी शब्द शोधत बसायचं कारण नाही.

मॉक किती आणि कोणासमोर

चार-पाच चांगले मॉक पुरतात. पंधरा मॉक दिलेली पोरं यंत्रासारखी बोलतात. पॅनेल मात्र वेगवेगळं पाहिजे: एक तुमच्या विषयाचा माणूस, एक आधी आयआयएममधून गेलेला सीनियर, आणि एक असा की ज्याला यातलं काही माहीत नाही, म्हणजे बँकेत मॅनेजर असलेले मामा किंवा शाळेतल्या मॅडम. तिसरा माणूस सगळ्यात कामाचा, कारण तो मध्येच विचारतो, हे कळलं नाही बुवा, परत सांग.

कागदपत्रं, यात ढिलाई नको

हे कंटाळवाणं आहे पण पोरं इथे रडतात. दहावी, बारावी, आणि पदवीच्या सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट, फक्त शेवटची नाही. सीजीपीए असेल तर टक्क्यात रूपांतराचं युनिव्हर्सिटीचं पत्र. नोकरी असेल तर ऑफर लेटर, रिलीव्हिंग लेटर, सॅलरी स्लिप, आणि फॉर्ममध्ये टाकलेल्या तारखा त्यांच्याशी जुळल्या पाहिजेत. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, कुठे वडिलांचं नाव आहे कुठे नाही, असा गोंधळ असतो, तो आधीच तपासा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर गॅझेटची प्रत जवळ ठेवा.

आरक्षणातून अर्ज असेल तर सगळ्यात महत्त्वाचं: प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या नमुन्यातलं लागतं. राज्याच्या कॉलेजला चालणारं नॉन-क्रीमीलेअर तिथं चालत नाही, आणि महाराष्ट्राच्या यादीत ओबीसी असलेली जात केंद्राच्या यादीत असेलच असं नाही, ते कॅटचा फॉर्म भरायच्या आधीच बघायला हवं. ईडब्ल्यूएसचंही केंद्राच्या नमुन्यातलं आणि त्यांनी सांगितलेल्या आर्थिक वर्षाचं. सेतू केंद्रात आणि तहसीलला चकरा होतात, साहेब रजेवर असतात, सर्व्हर डाउन असतो, म्हणून डिसेंबरातच अर्ज टाका.

ओरिजिनल एका फाइलमध्ये, झेरॉक्सचे दोन संच दुसऱ्या फाइलमध्ये, यादीतल्या क्रमाने.

कपडे आणि तो दिवस

मुलांनी फिका फुल शर्ट, गडद पँट, काळे पॉलिश केलेले बूट. ब्लेझर असेल तर घाला, नसेल तर खास त्यासाठी दहा हजार घालवू नका. मुलींनी फॉर्मल्स, सलवार-कुर्ता किंवा साडी, जे रोज घालून वावरता येतं ते. साडीची सवय नसेल तर त्या दिवशी पहिल्यांदा नेसू नका. नवे बूट दोन-तीन दिवस घरात घालून फिरा नाहीतर पाय सोलतात.

बाहेरगावचं सेंटर असेल तर आदल्या दिवशी पोहोचा. मुंबईत रविवारी मुलाखत असेल तर मेगाब्लॉक बघा. ऑनलाइन असेल तर इन्व्हर्टर नसलेल्या घरात बसू नका, राउटरबरोबर मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा, पंख्याची घरघर माइकमध्ये येते का आधी तपासा, आणि घरच्यांना सांगा की त्या अर्ध्या तासात कुकर लावायचा नाही.

बाहेर थांबलेले असताना आतून आलेल्या मुलाला काय विचारलं हे विचारत बसू नका. त्याला विचारलेलं तुम्हाला विचारणार नाहीत, उगाच पोटात गोळा येतो.

आत गेल्यावर

समोर दोन-तीन जण असतात, बहुतेक प्रोफेसर, कधी माजी विद्यार्थी. आत जा, गुड मॉर्निंग म्हणा, बसा म्हटलं की बसा, फाइल मागितल्याशिवाय पुढे करू नका. ज्यानं प्रश्न विचारला त्याच्याकडे बघून सुरुवात करा, मग बाकीच्यांकडे. प्रश्न पूर्ण होऊ द्या. आपल्याकडे हुशार पोरांना सवय असते, अर्ध्या प्रश्नावर उत्तर सुरू. थांबा. दोन सेकंद घ्या. एखाद्या उत्तराला मिनिटभर खूप झालं, पुढचं त्यांना हवं असेल तर ते विचारतील.

येत नसेल तर सॉरी सर, मला माहीत नाही, असं स्वच्छ सांगा, हसरा चेहरा ठेवून. पण लगेच हात वर करू नका, जिथं तर्कानं जाता येतं तिथं म्हणा की नक्की माहीत नाही पण अंदाज बांधून बघू का. पुण्यात रोज किती वडापाव विकले जातात असा प्रश्न आला तर आकडा महत्त्वाचा नाही, लोकसंख्या किती धरली, त्यातले बाहेर खाणारे किती, आठवड्यातून किती वेळा, हे मोठ्याने बोलत बोलत जा. आणि शेवटी आलेला आकडा उलट्या बाजूने तपासा, एका गाडीवर दिवसाला किती खपतात आणि मग तेवढ्या गाड्या शहरात असतील का. ही उलट तपासणी फार थोडे करतात.

कधी कधी पॅनेल मुद्दाम तोडून बोलतं. तुमचं उत्तर चूक आहे, तुम्हाला काहीच येत नाही, मोबाइल बघत बसणं. हे वैयक्तिक घेऊ नका. त्यांचा मुद्दा बरोबर असेल तर मान्य करा आणि मत बदला, नसेल तर एकदाच कारण देऊन आपल्या जागी राहा. दुसऱ्यांदा तोच मुद्दा चढ्या आवाजात सांगितला की तुम्ही हरलात. चुकीचं उत्तर दिलंय हे दोन प्रश्नांनी लक्षात आलं तर परत जाऊन दुरुस्त करायला काही हरकत नाही, उलट बरं दिसतं.

ग्रुप असेल तर एक जास्तीचं: दुसऱ्याचं ऐका. हमखास विचारतात, आत्ता यांनी जे सांगितलं त्यावर तुमचं काय मत. तेव्हा छताकडे बघणारे पकडले जातात.

शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का, म्हणतील. साइटवर असलेलं विचारू नका, प्लेसमेंटचं पॅकेज तर नकोच. खरा प्रश्न असेल तर विचारा, नसेल तर नाही सर, थँक यू म्हणून उठा.

बाहेर आल्यावर

रिक्षात बसायच्या आधी सगळे प्रश्न क्रमाने लिहून काढा, तुम्ही काय उत्तर दिलं तेही. घरी जाऊन लिहू म्हटलं की निम्मे विसरतात. पुढचा कॉल असेल तर त्याची तयारी या कागदावरून करायची, कारण फॉर्म साधारण तोच असतो आणि प्रश्नही त्याच शब्दांवर अडकतात. कुठल्या शब्दावर दोन पॅनेल थांबले, तो शब्द परत खणा.

निकाल एप्रिल-मेमध्ये येतात आणि वेटिंग लिस्ट त्यानंतरही बरेच दिवस हलत राहते. वरच्या आयआयएमची ऑफर मिळालेली पोरं खालच्या जागा सोडत जातात त्यामुळे वेटिंग क्रमांक मोठा दिसला तरी लगेच मेल डिलीट करू नका. ऑफर आली की पैसे भरायची तारीख आणि परताव्याचा नियम वाचा, कर्जासाठी बँकेत आधीच बोलून ठेवा, कारण ऑफर आणि पहिला हप्ता यात वेळ फार थोडा असतो आणि एज्युकेशन लोनच्या फाइलला को-अ‍ॅप्लिकंट म्हणून वडिलांची किंवा आईची कागदपत्रं लागतात. शेवटच्या वर्षाला असाल तर युनिव्हर्सिटीचा रिझल्ट कधी लागतो आणि संस्थेला मार्कशीट कधीपर्यंत लागते ते आत्ताच बघून ठेवा, आपल्याकडे रिझल्ट उशिरा लागणं काही नवीन नाही, कॉलेजच्या प्राचार्यांचं तसं पत्र घेऊन ठेवलं की काम होतं.